तळाचा काळा पट्टा

समुद्रावरून परत आले तेव्हापासून कॉलेजातले लोक, शेजारीण, पार कोपऱ्यावरचा भाजीवालासुद्धा, सगळे एकच विचारून राहिलेत. लाट केवढी होती? मी आकडा सांगितला की त्यांची तोंडं उतरतात. एवढीच? त्यांना माडाएवढी लाट पाहिजे असते. आता त्यांच्यासाठी मी काय लाट वाढवून आणू? मोजायला गेले होते, मोजून आले. ज्याला सगळं ऐकायचंय त्यानं निवांत बसून ऐकावं.

मी नांदेडच्या एका कॉलेजात पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. तिथं काचेच्या भिंतींचा एक लांबलचक हौद आहे. एका टोकाला लोखंडी फळी हलवली की दुसऱ्या टोकापर्यंत लाटा जातात, बोटभर उंचीच्या. पोरं लाटा मोजतात, मी फळी हलवते. इतकी वर्षं हेच चाललंय, आणि खरा समुद्र मी एकदाही पाहिला नव्हता. गोदावरीचा पूर पाहिलाय, विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडलेले पाहिलेत. बस्स.

माझी धाकटी बहीण शैला. औशाची पोरगी, शिकायला पुण्याला गेली आणि तिथं भेटलेल्या कोकणातल्या संदेशशी लग्न करून रत्नागिरीच्या खाली, समुद्राला चिकटलेल्या एका वाडीत जाऊन राहिली. घरापुढे दगडी भिंत, भिंतीपुढे समुद्र. गेली दोन वर्षं वादळ आलं की तिच्या घरात पाणी शिरतं. वाडीचं म्हणणं, लाटा भिंतीवरून येतात, भिंत उंच करून द्या. सरकारी ऑफिसातला इंजिनिअर भला माणूस. त्यानं सांगितलं, लांब समुद्रात एक तरंगतं यंत्र लाटा मोजतं, पण तुमच्या वाडीपुढे किती उंचीची लाट येते ते कुणीच मोजलेलं नाही. मोजून दाखवा, मग उंचीचं बघू.

इकडं औशात वेगळंच शिजत होतं. आई आणि भाऊ म्हणत होते, वाडी सोडा, पोरंबाळं घेऊन इकडं या. भावानं तर संदेशसाठी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कामही बघून ठेवलं होतं. आईचं एकच पालुपद, पाण्याच्या तोंडाशी लेकीला ठेवून मला झोप लागत नाही.

अशात एका सकाळी शैलाचा फोन आला, समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय, वादळ होऊन आमच्याकडं येणार म्हणतात. मी रजा टाकली. म्हटलं, हौदातली फळी हलवून हलवून हात दुखले, आता खरी लाट मोजते. ती भिंतीवरून जात असेल तर बहिणीला घेऊन येते, नसेल तर आईला समजावते. दोन्हीपैकी एक केल्याशिवाय परतायचं नाही.

नांदेड

निघायच्या आधी लाट मोजायच्या काठीची परीक्षा घ्यावी म्हणून बाजारातून एक लांब बांबू आणला, त्यावर वीत वीत अंतरानं लाल-पांढरे पट्टे ओढले आणि नदीवर गेले. घाटाच्या पायरीशी बांबू बांधला. गोदामाय त्या दिवशी थिजलेल्या तुपासारखी. लाट आणायची कुठून? एका नावाड्याला विनवलं, बाबा, जरा जोरात दोन फेऱ्या मार. त्यानं मारल्या. वीतभर पाणी हललं आणि घाटावरच्या बायकांची करमणूक झाली.

इथं एक गोष्ट सांगून ठेवते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लोकांना वाटतं लाटेची उंची म्हणजे पाण्याच्या वर किती चढली ते. तसं नसतं. लाटेला माथा असतो तसा खळगाही असतो. खळग्याच्या तळापासून माथ्यापर्यंतचं अंतर, ती उंची. म्हणून काठीवर दोन खुणा वाचाव्या लागतात, वरची आणि खालची. शिवाय एखादी धिप्पाड लाट धरून बोंब मारायची नाही. बऱ्याच लाटा मोजायच्या, त्यातल्या मोठ्या एक तृतीयांश बाजूला काढायच्या आणि त्यांची सरासरी घ्यायची. असला हिशेब लोकांना आवडत नाही, कारण त्यात बढाई मारायला जागाच नसते.

नावाडी मला बघून राहिला होता. म्हणाला, सगळी माणसं पाणी कुठवर चढलं ते बघतात, तुमची नजर सारखी खाली. मी म्हटलं, सवय हाय. आमच्या भागात पाणी किती चढलं ते पावसाळ्यातले चार दिवस बघतात आणि किती उतरलं ते उरलेलं वर्षभर. त्याला ते पटलं. त्याचं सासरही आमच्याच लातूर जिल्ह्यातलं, औराद शहाजानीकडचं निघालं.

अहमदपूर

बांबू घेऊन एसटीत चढले तेव्हा कंडक्टरशी जी जुंपली ती सांगत बसत नाही. शेवटी बांबू मधल्या वाटेत आडवा ठेवून गाडी निघाली. रस्त्यावर जिकडं तिकडं सोयाबीनची धामधूम. कुणी अर्धा रस्ता अडवून शेंगा वाळत घातलेल्या, कुठं मळणी यंत्राचा धुरळा, ड्रायव्हर शिव्या घालत घालत वाट काढून राहिलेला. मी मात्र खुशीत होते. आयुष्यात पहिल्यांदा कामासाठी प्रवासाला निघाले होते, आणि कामही असं की गाडीतल्या कुणाला सांगितलं तर खरं वाटू नये.

अहमदपूरच्या स्टँडवर मार्केट यार्डाकडून आलेला एक गडी चढला आणि त्यानं डोक्यावरचं पोतं धाडकन खाली टाकलं. नेमकं बांबूवर. बांबू उभा चिरला. मी त्या गड्याला असं काही बोलले की तो बिचारा उतरून जायला निघाला. मग माझीच मला लाज वाटली, त्याला बसवून घेतलं आणि डब्यातला धपाटा दिला.

मघाशी माझ्याशी भांडलेला कंडक्टर जवळ आला. म्हणाला, मॅडम, लाकडाच्या नादाला कशाला लागता, बोअरचे पाईप घ्या की. आट्याचे असतात, एकात एक बसतात, तुकडे करून पिशवीत न्या आणि तिथं जोडा. बोअरच्या मुलखात जन्म गेला आणि हे मला सुचू नये. चिरलेला बांबू स्टँडवरच्या चहावाल्याला चुलीसाठी दिला आणि गाडी लातूरकडं निघाली.

लातूर

युसूफभाई लातूरला बोअरच्या पाईपांना आटे पाडतात. त्यांच्या वडिलांपासूनचं दुकान. आमच्या शेतातल्या मोटरीचे पाईप त्यांच्याकडूनच गेलेले, म्हणून ओळख. निळे जाड पाईप, त्यांचे चार-पाच फुटी तुकडे, दोन्ही टोकांना आटे, असं मी सांगितलं. त्यांनी विचारलं, कितने खोल जाना है? मी म्हटलं, खोल नाही, उभं करायचंय, समुद्रात. युसूफभाईंनी हातातला पाना खाली ठेवला आणि आधी चहा मागवला. असलं गिऱ्हाईक त्यांच्याकडं कधी आलं नव्हतं.

मला तीन तुकडे पुरे होते. त्यांनी चार केले. बोअरवाल्यांची ही रीतच आहे, एक पाईप जादा ठेवायचा, कारण पाणी कधी खाली पळेल सांगता येत नाही. मी म्हटलं, समुद्राचं पाणी कुठं पळतं हो. पण ते ऐकतात थोडंच. मग वीत वीत मोजून लाल-पांढरे पट्टे ओढायला घेतले. शुक्रवार होता, जुम्याच्या नमाजेची वेळ होत आलेली, आणि सगळ्यात खालचा हातभर पट्टा राहिला असताना लाल रंग संपला. त्यांनी डांबराचा डबा ओढला आणि तो पट्टा काळा करून टाकला.

"नीचेवाला तो मिट्टीमेंच जाता आपा," ते म्हणाले. "उसकू कौन देखता?"

खरंच होतं.

औसा

घरी पोचले तर ओसरीत पाय ठेवायला जागा नाही. सोयाबीनची पोती एकावर एक रचलेली. दरवर्षी ती मागच्या खोलीत असतात. यंदा ती खोली रिकामी करून, चुना देऊन, खिडकीला पडदा लावून तयार ठेवलेली. शैलासाठी. भिंतीत खुंट्यासुद्धा नव्या ठोकल्या होत्या. मला एकदम गलबलून आलं आणि रागही आला. तिला न विचारता तिची खोली तयार.

रात्री जेवताना भाऊ म्हणाला, लाटा मोजून काय करणार आहेस, सरळ गाडी करून सामान घेऊन ये. मी म्हटलं, आधी मोजते, मग बोलू.

सकाळी पूजा आटोपून, विभूती लावून आई शेतातल्या विहिरीकडं निघाली, मी सोबत गेले. किल्ल्याच्या पलीकडे आमचं रान आहे. विहिरीत डोकावल्याशिवाय आईचा दिवस सुरू होत नाही. किती पायऱ्या उघड्या पडल्या ते बघते आणि त्यावरून साल कसं जाईल ते सांगते. ही विहीर माझ्या लहानपणी एकदा ढासळली होती. वरचं बांधकाम शाबूत, कठड्याला तडासुद्धा नव्हता, आणि एका सकाळी अर्धी बाजू आत. तळातली माती सुटली होती. तेव्हापासून आईचा वरच्या चिऱ्यांवर विश्वास नाही.

"तिथं तळ कसला हाय?" आईनं विचारलं.

"आई, समुद्र हाय तो."

"असू दे की. तळ असतोच."

मग तिनं धपाट्यांचा डबा आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवून म्हणाली, "तिला घेऊनच ये बाई."

वाडीत

तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर, घाट. त्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही, कंबर मोडते एवढंच. घाट उतरला की हवा ओली होते आणि कपडे अंगाला चिकटतात. शेवटच्या वळणावर रिक्षावाल्यानं बोट दाखवलं आणि मला समुद्र दिसला. आमच्याकडं नजर संपते तिथं जमीन असते. इथं नजर संपली तरी पाणी चालूच. माझा तो काचेचा हौद आठवला आणि हसू आलं.

शैला धावत आली. गळ्यात पडून रडली आणि लगेच विचारलं, धपाटे आणलेस का? वाडीत लाकडी होड्या ओढून वर घेतल्या होत्या, बंदरावर धोक्याचा बावटा चढला होता. तिची सासू समोर बसून मला निरखून बघत होती. तुम्ही लोक मासे खात नाही, मग खाता तरी काय, हा तिचा प्रश्न. तीन वेळा भात बघून माझाही जीव दडपला होता. पण बाई मायाळू. माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात काळ्या वाटाण्याची आमटी आणि तांदळाची भाकरी केली. भाकरी मऊ, पांढरीशुभ्र, पण ज्वारीची सर नाही. तिनं माझी चटणी चाखली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ठसकली. मग ती रोज मागायला लागली.

दुपारी पाणी लांब गेलं होतं. भिंतीच्या अगदी पुढ्यात जुन्या धक्क्याचा एक खांब उरलाय. संदेश आणि मी तिथं ओल्या वाळूत उतरलो, तीन पाईप जोडले, काळा पट्टा पूर्ण वाळूत गाडला आणि लोखंडी पट्ट्या आवळून काठी खांबाला पक्की केली. लाल-पांढरी काठी ताठ उभी राहिलेली बघून मला लई अभिमान वाटला. चहा पिऊन, थोडं पडून, संध्याकाळी बाहेर आले तर काठी जवळजवळ गायब. वरचे चार-पाच पट्टे तेवढे पाण्यावर.

मी ओरडलेच, "शैले, पाणी कुठून सोडलं गं?"

अख्खं घर पोट धरून हसलं. मी भरती-ओहोटी पुस्तकात वाचलेली, पोरांना सांगितलेलीसुद्धा. पण धरणवाल्यांच्या डोक्यात पाणी वाढलं म्हणजे कुणीतरी दरवाजा उघडला, हेच पहिलं येतं. सासूबाई दोन दिवस मला बघून, पाणी सोडलं का हो, म्हणून चिडवत होत्या. दुसऱ्या दिवशी ओहोटीला युसूफभाईंचा जादा पाईप वर चढवला. मनातल्या मनात त्यांना सलाम केला.

त्या संध्याकाळी मी शैलाला औशाच्या खोलीबद्दल सांगितलं. चुना, पडदा, खुंट्या. तिचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही.

"मी काय सोयाबीनचं पोतं हाय का आक्का, इथून उचललं, तिथं रचलं?"

मग म्हणाली, लेकरं इथं शाळेत जातात, संदेशची होडी इथं आहे, सासूला पायरी उतरवत नाही. पण लाट खरंच भिंतीपेक्षा मोठी असेल तर मी हट्ट करणार नाही, तू सांगशील तसं करीन. माझ्या काठीवरच्या एका खुणेवर तिचं घर येऊन बसलं होतं.

वादळाचे दिवस

वारा सुरू झाला तो सकाळी. माड एका बाजूला वाकले, कौलं वाजायला लागली. भिंतीजवळ कुणी जायचं नाही, ही माझी पहिली अट. माळ्याच्या खिडकीत कॉलेजातून आणलेली दुर्बीण तिपायावर बसवली, मोबाईल शूटिंगला लावला आणि वाचायला लागले. माथा, खळगा, माथा, खळगा. वरचा पट्टा मी मोठ्यानं सांगायची, खालचाही सांगायची, शैला लिहून घ्यायची. वीस मिनिटं झाली की थोडी विश्रांती, मग पुन्हा.

वाडीतली दोन-चार माणसं येऊन बसली होती, त्यात माडाएवढ्या लाटांच्या गोष्टी सांगणारा एक म्हातारा. लाट फुटून पांढरा फवारा भिंतीवर उडाला की, बघा, बघा, गेली वरनं. मी म्हटलं, तो फवारा आहे, लाट नाही. फोडणी तडतडली म्हणून भांडं उतू गेलं असं होतं का? भर भरतीच्या वेळीसुद्धा लाटेचा माथा भिंतीच्या वर आला नाही. मोठ्या लाटांची सरासरी नऊ-दहा पट्टे, म्हणजे माणसाच्या उंचीपेक्षा थोडी जास्त. एकच लाट बारा पट्ट्यांची आली, तीही भिंतीला धडकून परत गेली.

तरी दुपारी घरात पाणी आलं.

खालून सासूबाईंनी हाक मारली म्हणून मी जिना उतरून गेले. पाणी ओसरीवर नव्हतं. अंगण फवाऱ्यानं ओलं होतं, एवढंच. पाणी मागच्या न्हाणीतून वर येत होतं, मोरीच्या तोंडातून, गढूळ आणि वाळू घेऊन. मी विचारलं, दरवेळी इथूनच येतं? शैला म्हणाली, हो, आधी न्हाणी, मग स्वयंपाकघर. भिंतीवरून आलेलं पाणी साचून मागून येत असेल असं आम्ही धरलं होतं.

मी परत माळ्यावर गेले. तोवर ओहोटी लागली होती, पण लाटा तशाच. दुर्बिणीला डोळा लावला आणि सवयीनं खाली बघत राहिले. एक लाट येऊन गेली, खळगा खोल गेला, आणि काठीच्या बुडाशी मला काळं दिसलं. वाटलं शेवाळ असेल. पुढची लाट गेली, पुन्हा काळं. हातभर. युसूफभाईंचा डांबराचा पट्टा, जो मी स्वतः वाळूत पूर्ण गाडला होता.

काठी तर हललेली नव्हती, खांबाला आवळलेली जशीच्या तशी. मग पट्टा वर कसा आला? वाळू खाली गेली होती. लाट आपटून परत जाताना भिंतीच्या पायातली वाळू ओढून नेत होती, आणि पाणी त्या वाटेनं भिंतीच्या खालून आत घुसून न्हाणीत वर येत होतं. माझ्या डोळ्यांपुढे आमची विहीर उभी राहिली. कठड्याला तडा नव्हता, आणि तरी एका सकाळी अर्धी बाजू आत.

संध्याकाळी संदेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आक्का, सगळ्या वाडीनं मिळून भिंत उंच करायची मागणी केलीये, सह्या झाल्यात. तुम्ही आता लाट लहान आहे म्हणून लिहून दिलंत तर आमच्या तोंडाला पानं पुसली जातील. एक करा, भरतीच्या वेळचा वरचा आकडा तेवढा द्या. तो काही खोटा नाही ना. खालचा तुमच्याकडं राहू द्या.

खोटा नव्हताच. वाळूपासून माथ्यापर्यंतचा आकडा दिला असता तर लाट दुप्पट दिसली असती. आमच्याच घरचा जावई, माझ्याच बहिणीच्या घरासाठी मागत होता, आणि नाही म्हणताना मला फार जड गेलं.

"अर्धी लाट मी देणार नाही, संदेशराव," मी म्हटलं. "भिंत उंच कराल आणि एके दिवशी उंच भिंत घरावर घेऊन झोपाल."

तो उठून बाहेर गेला. शैलानं माझ्या पानात भात वाढला, पण माझ्याकडं बघितलं नाही. त्या रात्री मी चटणीला हात लावला नाही.

ओहोटी

दोन दिवसांनी वारा पडला. सकाळीच मोठी ओहोटी होती. मी काठीचा वरचा पाईप सोडवला, तो घेऊन भिंतीच्या पायथ्याशी गेले आणि दगडांच्या बुडाशी आडवा सारला. पहिल्या जागी अडला. दुसऱ्या जागी अडला. शैलाच्या घरासमोर आले, सारला, आणि पाईप सरळ आत गेला. पूर्ण. फक्त टोक माझ्या मुठीत राहिलं.

संदेश वर उभा राहून बघत होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी नुसती बाजूला झाले. तो उतरला, वाळूवर पालथा झोपला आणि दंड बुडेपर्यंत हात त्या पोकळीत घातला. बराच वेळ तसाच पडून होता. उठला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"आक्का," तो म्हणाला, "ही भिंत उभी कशावर आहे?"

दुपारपर्यंत अर्धी वाडी त्या भोकात हात घालून गेली. ज्या म्हाताऱ्यानं माडाएवढ्या लाटा सांगितल्या होत्या त्यानंही घातला. सह्या करणारी माणसं पुन्हा बसली आणि मागणी बदलली. भिंत वर नको, खाली हवी. पाया खोल न्या, पुढ्यात मोठे दगड टाका. इंजिनिअर आला, माझं शूटिंग बघितलं, काळा पट्टा थांबवून थांबवून बघितला आणि म्हणाला, बाई, सगळे मला लाटेचा माथा दाखवतात, तळ तुम्ही दाखवलात. काम मंजूर व्हायचं तेव्हा होईल. वाडीनं मात्र वाट बघितली नाही. मी निघायच्या आधीच जाळ्यांत दगड भरून भोकं बुजवायला सुरुवात केली. पहिली जाळी संदेशनं ओढली.

निघताना शैलानं विचारलं, "मग आईला काय सांगणार?"

"जे मोजलं ते," मी म्हटलं. तिनं मला घट्ट धरलं. काठी मी तिथंच ठेवली. आता शैला रोज बघते, काळा पट्टा दिसतो का ते.

पुन्हा औसा

घरी आले तेव्हा एकटीच उतरलेली बघून भावाचा चेहरा पडला. आईनं आधी पाणी दिलं, भाकरी वाढली आणि समोर बसली. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. नऊ-दहा पट्टे म्हटल्यावर भाऊ म्हणाला, एवढीच? आईनं त्याला हातानं गप्प केलं.

मी काळ्या पट्ट्यापाशी आले तेव्हा ती पुढे सरकली. मोरीतून वाळू आली, हे तिनं दोनदा विचारून घेतलं. पाईप पूर्ण आत गेला म्हटल्यावर तिनं डोळे मिटले. मग दगडांच्या जाळ्या, संदेशनं ओढलेली पहिली जाळी, आणि रोज सकाळी काठीचं बूड बघणारी शैला.

"रोज बघते?" आईनं विचारलं.

"रोज. तू विहीर बघतेस तशी."

आईनं पदरानं डोळे पुसले, गुडघ्यावर हात टेकून उठली, मागच्या खोलीत गेली आणि खिडकीचा पडदा काढून घडी घालून आणला. ओसरीतल्या पोत्यांकडं बघून भावाला म्हणाली,

"उचल ती, आत रच. दव पडतंय."